विचारल्याशिवाय सांगू नका

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव त्यांनाही होतं, वीजबिलावर ते छापूनही येई. पण नळाच्या वॉशरांच्या कारखान्यात माल तपासण्यात सारी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरही हाताची खोड गेली नाही, म्हणून इमारतीनं त्यांना तपासनीस करून टाकलं. नमुना पाहिल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही हा कारखान्याचा नियम त्यांनी घरी आणला होता. छत्री घ्यायची तर दुकानातल्या नळाखाली धरून. गादी घ्यायची तर दुकानातच पडून बघून. एकदा असं पडल्यावर त्यांना खरंच डोळा लागला आणि दुकानदार बाहेरून कुलूप लावून जेवायला गेला. "माझा नमुना तपासला नाहीत हे माझं नशीब," असं त्यांची बायको म्हणे. "तपासून उपयोग काय, तुझ्या वडिलांनी माल परत घेतला नसता," हे उत्तर तपासनीस लग्नापासून मनात तयार ठेवून होते, पण ते बोलून दाखवण्याइतके बेसावध कधी झाले नाहीत.

त्यांचं बिऱ्हाड सगळ्यात वरच्या मजल्यावर. जिन्याच्या मधल्या वळणावर साऱ्या इमारतीचे वीजमीटर एका फळीवर बसवलेले होते आणि त्यांची मंद घरघर तिथे सतत चालू असे. वर जाताना तपासनीस तिथे थांबत, चष्मा काढून पुसत, पुन्हा घालत आणि एकेक मीटर निरखून बघत. कोणाचं चाक किती पळतंय हे दुसऱ्यानं बघितलेलं कोणाला आवडतं? पण म्हाताऱ्या माणसाला बोलायचं काय, म्हणून लोक गप्प बसत आणि आपापल्या घरात जाऊन बोलत.

त्यांना एकच मुलगी. ती डॉक्टरकी शिकली होती, पण प्रॅक्टिस करायची तर परवाना परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिथे गाडी अडली होती. लेखी पेपर ती हां हां म्हणता सोडवी. घोडं पेंड खाई ते तोंडी भागात. तिथे खोट्या रुग्णांना खऱ्यासारखं तपासायचं असतं. खुर्चीत एक माणूस बसवलेला असतो, त्याला आजार पाठ करून दिलेला असतो, आणि त्यानं सगळं आपणहून सांगायचं नसतं. उमेदवारानं विचारून काढायचं. मुलगी दोनदा तिथेच नापास झाली. दोन्ही निकालांवर शेरा एकच: "रुग्णाने जे सांगितले तेवढेच ऐकले. पुढे विचारले नाही." आता ही शेवटची संधी होती. त्यानंतर परीक्षेला बसायची परवानगीच नव्हती. इमारतीत तिला तोंडावर डॉक्टर म्हणत आणि पाठीमागे "जवळजवळ डॉक्टर". तपासनिसांनी हे जिन्यात आपल्या कानांनी ऐकलं होतं, मीटर बघता बघता.

शेरा वाचून मुलगी खोलीत जाऊन बसली. तपासनीस मात्र कामाला लागले. मालात दोष असतो तेव्हा दोष मालाचा नसतो, साच्याचा असतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. तेव्हा साचा बदलायचा. मुलीकडे पाठ्यपुस्तकं ढीगभर होती. तिला पूरक साहित्य हवं, आणि ते निवडायला घरात तपासनीस असताना बाहेर कोणाला विचारायचं कारण नव्हतं.

बाहेर कोणाला विचारायचं नसतं तेव्हा बाहेरचे आपणहून येतात. खालच्या मजल्यावरचे मॅनेजर आले. बँकेतून निवृत्त झाले होते, पण बोलताना अजून समोरचा कर्ज मागायलाच आलाय अशा थाटात बोलत. म्हणाले, "व्हिडिओ घ्या. माझ्या भाच्यानं नुसते व्हिडिओ बघितले आणि आज बघा कुठल्या कुठे आहे."

"कुठे आहे?"

"ते बघावं लागेल," मॅनेजर म्हणाले.

समोरच्या शिवणकाकू ब्लाउजची बाही हातात घेऊनच आल्या. त्यांचं म्हणणं असं, की पोरीला पुस्तकं नकोत, माणसं हवीत. "मी माप घेते ना, तेव्हा बाई तोंडानं सांगते एक आणि अंग सांगतं दुसरं. मी अंगाचं ऐकते." तपासनिसांनी हे ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. शिंपिणीकडून वैद्यकीचा सल्ला घेण्याइतकी वेळ आली नाही असं त्यांचं मत होतं.

मग त्यांनी एका नामांकित प्रश्नसंचाच्या मदत-केंद्राला फोन लावला. आठवडाभर फुकट वापरून बघायची सोय होती. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "सर, आपण पदवी कधी घेतली?"

"मी नाही घेतली. मी वडील आहे."

"सॉरी सर, वडिलांसाठी आपल्याकडे प्लॅन नाही."

"पण नमुना मी बघणार! घरात कुठलाही माल—"

"सर, आपण परीक्षेला बसणार आहात का?"

तपासनीस आयुष्यात खोटं बोलले नव्हते. क्षणभर त्यांना वाटलं, बसावं परीक्षेला. मग ती मुलगी आपोआप गेली आणि मुद्रित आवाजातली एक बाई त्यांना विचारू लागली, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?

वैद्यकीय ग्रंथालयात दुसरीच गंमत. सभासद व्हायला पदवीचं मूळ प्रमाणपत्र हवं. मूळ प्रमाणपत्र परवाना कचेरीत जमा, आणि ते परत मिळणार परीक्षा पास झाल्यावर. "म्हणजे पास झाल्यावर अभ्यासाला यायचं?" तपासनिसांनी विचारलं. ग्रंथपालानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "तसे पुष्कळ येतात."

असे अपमान गोळा करत ते शेवटी वैद्यकीय कॉलेजच्या मागच्या गल्लीत शिरले. तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं ओळीनं होती. शेवटच्या दुकानात उजेड कमी होता आणि स्पिरिटचा वास येत होता. इंजेक्शन द्यायच्या आधी दंडावर बोळा फिरवतात, तेव्हा येतो तो. दुकानदार स्टुलावर बसला होता. त्याचं वय सांगता येण्यासारखं नव्हतं. तपासनिसांनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. दुकानदारानं एकदाही मान हलवली नाही. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "आणखी?"

"आणखी काही नाही."

"बरं," म्हणून त्यानं स्टुलाखालून एक पत्र्याची पेटी काढली. आत कार्डांचा गठ्ठा. प्रत्येक कार्ड जोडीचं: एक डॉक्टरचं, एक रुग्णाचं. डॉक्टरच्या कार्डावर एखादी ओळ. रुग्णाच्या कार्डावर बारीक टायपात त्यानं कोण व्हायचं, काय बोलायचं, काय लपवायचं. आणि प्रत्येक रुग्णाच्या कार्डाखाली ठळक अक्षरांत: विचारल्याशिवाय सांगू नका. छापखान्याचं नाव कुठेच नव्हतं.

"किंमत?"

"विकत नाही. वापरून परत आणायची. जो नेतो तो आणतोच."

"चांगली नाही म्हणून?"

दुकानदार पहिल्यांदाच हसला. "तपासून बघा ना," तो म्हणाला. तपासनिसांच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण आपण कोण हे त्यांनी सांगितलेलं नव्हतं. पण नमुना फुकट मिळतोय म्हटल्यावर काटा बसायला वेळ लागला नाही.

दुपारी दिवाणखान्यात मांडामांड झाली. मुलगी टेबलामागे, समोर रिकामी खुर्ची. रुग्ण कोण होणार? बायको म्हणाली, "मला स्वयंपाकघर आहे." तपासनीस स्वतः खुर्चीत बसायला तयार नव्हते. तपासणारा आणि तपासला जाणारा एकच असला तर तपासणीला अर्थ काय? तेव्हा मॅनेजरांना बोलावणं गेलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, सोबत त्यांची बायको प्रेक्षक म्हणून. मॅनेजरांनी गठ्ठ्यातून एक कार्ड ओढलं, चष्मा लावला, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा शर्टासारखा पांढरा पडला.

मुलीनं विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"गुडघा," मॅनेजर पुटपुटले. "गुडघा दुखतो."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

मुलीनं गुडघ्याचे प्रश्न विचारले, नीट विचारले, आणि आभार मानले. मॅनेजर कार्ड उलटं करून असे उठले की खुर्ची पडली. ते गेले, बायको मागेच राहिली होती, आणि तपासनिसांनी कार्ड मोठ्यानं वाचलं. "तुम्ही बँकेतले निवृत्त अधिकारी. गुडघा दुखतो असं सांगा. रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घेतो असं बायकोला सांगता. रोज सकाळी ती गोळी खिडकीतल्या कुंडीत खुपसता. डोकं दुखतं. विचारल्याशिवाय सांगू नका."

योगायोग, तपासनीस म्हणाले. निवृत्त अधिकारी काय, गल्लोगल्ली सापडतात. पण संध्याकाळी खालून मॅनेजरांच्या बायकोचा आवाज चढत वर आला आणि मग माती उकरल्याचा आवाज. कुंडीत गोळ्यांचा थर निघाला. तिनं जिन्यात उभं राहून सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तरी म्हटलं, बाकीची झाडं वाऱ्यानं हलतात, हेच एवढं शांत कसं!"

दुसऱ्या दिवशी मॅनेजर डोळे वटारून आले. "तुम्हाला कोणी सांगितलं?" तपासनिसांनी कार्ड दाखवायला पेटी उघडली. गठ्ठा उलथापालथा केला. गोळ्यांचं कार्ड त्यात नव्हतं.

त्या दुपारी शिवणकाकू बसल्या. कार्ड त्यांनी हाताच्या अंतरावर धरलं, मग डोळ्यांजवळ आणलं, मग मान किंचित वळवून वाचलं. वाचून हसल्या. हसताना मधेच थांबल्या. मुलीनं विचारलं, "काय त्रास होतो?" काकू म्हणाल्या, "पाठ दुखते गं." मुलगी पाठीपाशीच राहिली. कार्डावर होतं: "सुईत दोरा तुम्ही अंदाजानं ओवता. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. दाराच्या चौकटीला धडकता आणि चौकटीवर खेकसता. विचारल्याशिवाय सांगू नका." काकू जायला उठल्या आणि सगळ्यांच्या देखत दाराच्या चौकटीला धडकल्या. या वेळी त्या चौकटीवर खेकसल्या नाहीत. तिच्यावर तळवा ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

पुढे त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि वेळेत निघाला म्हणून बाकीची नजर वाचली, हे चांगलंच झालं. पण बातमी कर्णोपकर्णी गेली. आता दुपार झाली की तपासनिसांच्या दारात माणसं. कोणाला बरं नव्हतं असं नाही, प्रत्येकाला फक्त बघायचं होतं, आपलं कार्ड निघतं का. निघे. निघालं की माणूस वाचे, काहीतरी भलतंच सांगे आणि वहाणा न घालता निघून जाई. दारात वहाणांचा ढीग साठला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली: निवासी जागेत दवाखाना, भविष्यकथन किंवा तत्सम व्यवसाय करू नये. तपासनिसांच्या जिव्हारी लागलं ते "तत्सम". त्यांनी खाली जाऊन त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. त्याच संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः आले, दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सूचना सगळ्यांसाठी आहे. माझं तेवढं बघा."

सगळ्यांची गुपितं बाहेर येत होती, आणि जिच्यासाठी हा खटाटोप, ती मात्र होती तिथेच. लोक सांगत तेवढं ती ऐके. पुढे विचारत नसे. एकदा न राहवून तपासनीस म्हणाले, "अगं, माणूस घाम पुसतोय, हात लपवतोय. विचार की!"

मुलगी म्हणाली, "बाबा, त्याला सांगायचं नसलं तर? कोणाच्या आत असं हात घालून कसं काढायचं?" आणि टेबलावरचा गठ्ठा नीट करत, "आपल्या घरात कोणी कधी विचारलंय कोणाला?"

खरं होतं ते. त्यांच्या घरी सगळं तपासलं जाई, पण विचारलं काही जात नसे.

परीक्षा तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. घरात कोणी नव्हतं. भर दुपार असून दिवाणखाना अंधारल्यासारखा झाला होता आणि स्पिरिटचा वास येत होता. गठ्ठा नीट लावून ठेवावा म्हणून तपासनिसांनी पेटी उघडली. वरच्या कार्डावर सहज नजर गेली.

"तुमचं वय साठीच्या पुढे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर शिक्के मारले. जिना चढताना डावा खांदा आणि जबडा दुखतो, घाम फुटतो, थांबलं की थांबतं. म्हणून तुम्ही वळणावर थांबता आणि मीटर बघत असल्याचं दाखवता. हल्ली बसल्या जागीही दुखतं. हे कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं तर हसा. दुसऱ्यांदा विचारलं तर रागवा. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय सांगू नका."

तपासनिसांनी ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी घातलं. गठ्ठा पिसला. वरचं कार्ड उचललं. तेच होतं. मग त्यांनी ते स्वयंपाकघरात नेऊन पिठाच्या डब्यात खोल खुपसलं, हात धुतले आणि परत आले. पेटीत वर तेच कार्ड होतं आणि त्याच्या कडेला पीठ लागलेलं होतं.

ते घाबरले. घाबरले असं इथे सरळ लिहायला हवं, कारण त्यांनी स्वतः ते कधी कबूल केलं नसतं. कार्डाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. हे आता बाहेर पडलं तर इस्पितळ, धावपळ, आणि मुलीची परीक्षा बुडणार. शेवटची. इतके दिवस दुखणं वळणावरच्या वळणावर जिरवलं, तसं आणखी एक दिवस जिरवू. परीक्षा झाली की सांगू. त्यांनी पेटी काखोटीला मारली आणि थेट गल्लीतलं दुकान गाठलं. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

दुकानदारानं पेटी उघडली नाही, नुसती हातावर तोलली. "एक कार्ड कमी आहे."

"सगळी आहेत. मी स्वतः तपासली."

दुकानदारानं झाकण उचललं, वरचं कार्ड काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्याच्या बोटांना पीठ लागलं. "रुग्णाचं आहे. डॉक्टरचं कुठंय? फुटलेली जोडी मी घेत नाही. जोडी लावा आणि मग या." तपासनीस दाराशी पोचले तेव्हा तो मागून म्हणाला, "आजच लावा."

परत येताना पेटी जड झाली होती. वळणावर तपासनीस थांबले, आणि या वेळी चष्मा पुसायलाही हात वर गेला नाही. खांद्यातून दुखणं जबड्यात चढलं. समोर मीटरची चाकं फिरत होती, साऱ्या बिऱ्हाडांची. फक्त त्यांच्या घरचं चाक थांबलं होतं. घरघर चालूच होती, पण त्यांच्या चाकावरची काळी खूण जागच्या जागी उभी होती. त्यांनी श्वास रोखून तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात वरून मुलीची हाक आली, "बाबा, तुम्हीच का?" आणि खूण हळूच सरकली. बायकोनं नंतर सांगितलं की पंखा पुसायला तिनं मेन स्विच बंद केला होता. पंखा मात्र पुसलेला नव्हता.

वर मुलगी टेबलामागे बसली होती. समोर खुर्ची. तिच्या हातात एक कार्ड होतं.

"हे माझ्या पुस्तकात सापडलं," ती म्हणाली. "कधी ठेवलं आठवत नाही. बसा ना बाबा. एक शेवटची केस. तुम्ही एकदाही बसला नाहीत." तिनं कार्ड वाचून दाखवलं. एकच ओळ होती: "समोरचा माणूस जिना चढून आला आहे. तो म्हणेल, मला काही नाही."

"मला काही नाही," तपासनीस बोलून गेले, आणि जीभ चावायला उशीर झाला.

ते खुर्चीत बसले. पेटी मांडीवर. मुलीनं आवाज बदलला, परीक्षेतला केला. "नमस्कार. काय त्रास होतोय तुम्हाला?"

तपासनीस हसले. आपण ठरवून हसलो नाही हे त्यांना कळलं. "त्रास कसला? त्रास तुझ्या आईचा."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मुलगी हसली नाही. त्यांच्या कपाळाकडे बघत होती. "घाम का आलाय एवढा?"

"उन्हातून आलोय!" तपासनीस खेकसले. "उद्या परीक्षा आहे, पुस्तक घेऊन बस, माझ्या घामाचं काय करायचंय तुला? नसत्या चौकशा!"

इथे ती नेहमी थांबत असे. इथेच दोनदा नापास झाली होती. तपासनिसांच्या मनात एकाच वेळी दोन प्रार्थना चालल्या होत्या. विचारू नकोस, म्हणजे उद्या परीक्षेला जाशील. विचार, नाहीतर उद्या जाऊन उपयोग काय? आयुष्यात इतका माल पास-नापास केला, पण स्वतःच मालही आणि तपासणाराही होऊन बसायची पाळी कधी आली नव्हती.

मुलीनं कार्ड खाली ठेवलं. परीक्षेचा आवाजही ठेवून दिला. "बाबा," तिनं विचारलं, "तुम्ही मीटर का बघता?"

तपासनिसांनी तोंड उघडलं आणि सगळं सांगितलं. खांदा, जबडा, वळण, बसल्या जागचं दुखणं, अगदी पिठाचा डबासुद्धा. सांगता सांगता त्यांना रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

पुढचं सगळं फार अप्रतिष्ठेचं झालं. मुलीनं त्यांना एक पाऊल टाकू दिलं नाही. मांडीवरची पेटी कुठे गेली ते पुढे कोणालाच आठवलं नाही. त्याच खुर्चीसकट मॅनेजर आणि सेक्रेटरींनी त्यांना उचलून खाली नेलं. वळणावर खुर्ची अडकली. सेक्रेटरी धापा टाकत म्हणाले, "सामाईक जिन्यात फर्निचर ठेवू नये असा ठराव आहे," आणि मग स्वतःच खुर्चीचा पाय सोडवला. शिवणकाकू पुढे चालत, भिंतीला हात लावून, "इथे पायरी, इथे पायरी" असं सांगत होत्या. इस्पितळात ड्यूटीवरच्या डॉक्टरनं कार्डिओग्राम काढायला लावून हकिकत विचारली. मुलीनं ती आदीपासून अंतापर्यंत, क्रमानं सांगितली. डॉक्टरनं वर पाहिलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"जवळजवळ," मुलगी म्हणाली.

हृदयाची एक नस जवळपास बंद होती. उद्यावर टाकलं असतं तर उद्या आला नसता, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळीच नस उघडली. सकाळी बायकोनं मुलीला इस्पितळाच्या बाकावरून उठवलं. "जा. ह्यांच्याकडे मी बघते. नाहीतरी ते दुसरं काय करणार आहेत, सलाईन मोजत बसतील." मुलगी कालच्याच कपड्यांत परीक्षेला गेली.

ती पास झाली. निकालावर शेरा होता: "विचारले." एवढंच. तपासनिसांनी तो कागद उजेडासमोर धरून पुढूनमागून तपासला आणि योग्य ठरवला.

पण परीक्षेत काय झालं हे मुलगी सांगत नव्हती. घरी आल्यावर, गादीवर पडल्या पडल्या त्यांनी एकदा विचारलं, "शेवटचा रुग्ण कसा होता?" ती हसली. म्हणाली, "रुग्णासारखा." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर चिडली. "बाबा, झालं ना आता! किती तेच तेच!" आणि औषधाची बाटली उगाचच जोरात बंद केली.

तपासनिसांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "अगं," ते म्हणाले, "तू घाबरली आहेस का?"

मुलगी त्यांच्या पायाशी बसली. "वयस्कर गृहस्थ होते. म्हणाले, मला काही नाही. मी विचारत गेले, शेवटी सगळं सांगितलं त्यांनी. घंटा झाली. मी उठले. त्यांच्या अंगाला स्पिरिटचा वास येत होता बाबा. आणि बोटांना पीठ लागलं होतं. परीक्षकांना ऐकू जाणार नाही असं हळू त्यांनी मला विचारलं, 'जिन्यातले मीटर आता कोण बघतं?'"

बाहेर, खाली वळणावर, घरघर चालू होती. दार बंद असूनही ती खोलीत ऐकू येत होती.

"मग? तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार?" मुलगी म्हणाली. "म्हटलं, मी."